टांकसाळीतला पारखी : जेम्स प्रिन्सेप

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या आजीची एक लोखंडी पेटी आहे. तिच्या तळाशी जुन्या खणाच्या तुकड्यात बांधलेले चांदीचे दोन रुपये असतात. आजीला ते तिच्या सासूने दिले. सासूला कोणी दिले ते आजीला ठाऊक नाही. आजी त्यांना रुपये म्हणत नाही, कलदार म्हणते. कल म्हणजे यंत्र. हातोड्याने ठोकून नव्हे तर यंत्रावर पाडलेला, काठ सारखा असलेला, तो कलदार. दोन्हींवर एका बाजूस तरुण राणी व्हिक्टोरियाचे तोंड आहे. दुसऱ्या बाजूस पानांच्या वेढ्यात इंग्रजीत आणि फारसीत एक रुपया असे लिहिले आहे, भोवती ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आहे आणि खाली १८४० हे साल.

गेल्या दिवाळीत घराची झाडलोट करताना ती पुरचुंडी माझ्या हाती आली. रुपये काळसर झाले होते. नीट पाहिले असते तर त्यांतला एक नुसता काळा नव्हता हे माझ्या ध्यानात आले असते. त्याच्या मध्यभागी मोराच्या मानेसारखा निळा रंग होता, त्याभोवती जांभळी छटा होती आणि काठाशी मधासारखा पिवळेपणा. मला तो मळ वाटला. मी चिंच घेतली, राख घेतली, आणि एवढ्याने भागेना म्हणून दात घासायची पेस्ट घेतली. अर्ध्या तासात तो रुपया स्टीलच्या चमच्यासारखा लख्ख झाला. दुसरा घासणार तोच आजीने हाक मारली म्हणून तो राहून गेला.

पुढे कॉलेजात इतिहासाच्या तासाला नाण्यांचा विषय निघाला तेव्हा मी दोन्ही रुपये सरांना दाखवायला नेले. सरांनी लख्ख रुपया उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. मग त्यांनी समजावून सांगितले. चांदीला लोखंडासारखा गंज चढत नाही. हवेत, कापडात, कागदात जो थोडाफार गंधक असतो त्याच्याशी चांदीचा संयोग होतो आणि तिच्या अंगावर फार पातळ थर बसतो. थर अगदी पातळ असताना पिवळा दिसतो. तो वाढत गेला की तांबूस, जांभळा, निळा असे रंग दिसू लागतात आणि शेवटी काळा. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात तेलाचा थेंब पडला की जसे रंग दिसतात, तसाच हा प्रकाशाचा खेळ. असा रंग आपोआप चढायला पुष्कळ वर्षे लागतात आणि तो सुरेख चढलेला असेल तर संग्राहक त्यासाठी साध्या नाण्याच्या कितीतरी पट किंमत मोजतात. म्हणूनच काही लबाड लोक उष्णता देऊन किंवा गंधकाची द्रव्ये लावून खोटे रंगही चढवतात. घासलेल्या नाण्याला मात्र चांदीच्या भावापलीकडे फारसे कोणी विचारत नाही. घासताना नुसता रंग जात नाही, धातूवर बारीक ओरखडे उठतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.

मला रडू आले नाही, पण वर्गात मान वर करवेना. ते पाहूनच की काय, सरांनी विषय बदलला. या रुपयाचे वजन आणि कस ठरवण्यामागे कोण होते ते ठाऊक आहे का, असे त्यांनी विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. अशोकाचे शिलालेख कोणी वाचले, असा दुसरा प्रश्न त्यांनी केला. त्याचे उत्तर शाळेच्या पुस्तकात एका ओळीत होते, म्हणून आम्ही सगळ्यांनीच दिले: जेम्स प्रिन्सेप. सर म्हणाले, की दोन्ही उत्तरे एकच आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ग्रंथालयात कोणते पुस्तक कसे शोधायचे हे मला त्या दिवसापर्यंत नीट येत नव्हते. प्रिन्सेपच्या निमित्ताने ते आले. पुढील हकिगत त्या वाचनातून लिहिली आहे.

जेम्स प्रिन्सेपचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडात झाला. त्याचे वडील जॉन प्रिन्सेप जवळजवळ रिकाम्या हाताने हिंदुस्थानात आले होते आणि निळीच्या धंद्यात गबर होऊन परत गेले होते. पुढे व्यापारात खोट आल्यावर या मोठ्या कुटुंबाचे दिवस ओढगस्तीचे झाले. जेम्स हा भावंडांत दहावा, मुलग्यांत सातवा. त्याची शाळा फार झाली नाही. थोरल्या भावंडांकडूनच तो पुष्कळसे शिकला. चित्रे काढणे आणि यंत्रे जुळवणे हे त्याचे आवडते उद्योग. म्हणून त्याला वास्तुकला शिकण्यासाठी ऑगस्टस प्यूजिन या नामांकित गुरूकडे ठेवण्यात आले. परंतु डोळ्यांचा आजार झाला, दृष्टी अधू झाली आणि तो मार्ग बंद पडला.

इथे वडिलांची ओळख कामी आली. हिंदुस्थानातील टांकसाळीत पारख्याची जागा निघणार असल्याचे त्यांना कळले होते. त्यांनी मुलाला लंडनच्या एका रुग्णालयात रसायनशास्त्र शिकायला धाडले आणि नंतर तिथल्या राजटांकसाळीच्या मुख्य पारख्याच्या हाताखाली उमेदवारी करायला लावली. वीस वर्षांचा जेम्स सप्टेंबर १८१९ मध्ये कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरला. ज्याचे डोळे वास्तुकलेला पुरले नाहीत, त्याने पुढे झिजलेल्या नाण्यांवरची अक्षरे वाचली, याचे मला राहून राहून नवल वाटते.

टांकसाळीत पारख्याचे काम कसे चालते ते थोडे सांगायला हवे. आपला सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस पाहतो. टांकसाळीत एवढ्यावर भागत नाही. तिथे चांदीचा लहानसा तुकडा तोलून घेतात आणि शिशाबरोबर, हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून भट्टीत तापवतात. शिसे वितळते आणि चांदीतले तांबे वगैरे हीण आपल्याबरोबर घेऊन राखेत मुरते. वाटीत उरतो तो शुद्ध चांदीचा मणी. तो पुन्हा तोलायचा. पहिल्या आणि दुसऱ्या वजनातला फरक म्हणजे हीण. वाचायला सोपे वाटते, पण भट्टीची आंच थोडी कमीजास्त झाली तर हिशेब चुकतो, आणि तराजू किंचित चुकला तर हजारो रुपयांच्या चांदीचा हिशेब फिरतो. म्हणून प्रिन्सेपने या दोन्ही गोष्टींचा ध्यास घेतला. ग्रेनच्या अगदी सूक्ष्म अंशाने हलेल असा तराजू त्याने बनवला. भट्टीची उष्णता मोजण्यासाठी चांदी, सोने आणि प्लॅटिनम यांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रधातू तयार करून कोणता वितळला आणि कोणता राहिला, यावरून उष्णता ओळखण्याची रीत त्याने बसवली. हा निबंध १८२८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला आणि त्या संस्थेने पुढे त्याला सभासद करून घेतले. तोवर त्याची तिशीही झालेली नव्हती.

कलकत्त्याला उतरल्यावर वर्षाच्या आत त्याची नेमणूक काशीच्या टांकसाळीवर झाली होती. तिथे तो १८३० पर्यंत होता. या दहा वर्षांत त्याने काशीत काय काय केले त्याची यादी वाचून दम लागतो. शहराची मोजणी करून त्याने नकाशा काढला. टांकसाळीची नवी इमारत उभारली. तुंबून राहणाऱ्या तळ्यांचे पाणी गंगेत सोडण्यासाठी जमिनीखालून बोगदा बांधण्यात त्याचा हात होता. औरंगजेबाच्या मशिदीचे कलू लागलेले मनोरे त्याने दुरुस्त केले. घाटांची, देवळांची, उत्सवांची चित्रे काढली, ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. आणखी एक गोष्ट आपल्याकडची आहे. काशीच्या पूर्वेस कर्मनाशा नावाची नदी आहे. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर आयुष्यभराचे पुण्य नाहीसे होते अशी समजूत. यात्रेकरूंची सोय व्हावी म्हणून तिच्यावर पूल बांधण्याचे काम नाना फडणविसांनी सुरू करवले होते, ते अपुरे राहिले. तो दगडी पूल पुढे राजा पटनीमल यांच्या पैशाने आणि प्रिन्सेपच्या आराखड्याने पुरा झाला.

काशीची टांकसाळ १८३० मध्ये बंद झाली आणि प्रिन्सेप कलकत्त्यास आला. तिथला मुख्य पारखी होरेस हेमन विल्सन हा संस्कृतचा गाढा पंडित होता आणि एशियाटिक सोसायटीचा चिटणीसही होता. विल्सन १८३२ मध्ये निघून गेला आणि दोन्ही जागा प्रिन्सेपकडे आल्या. त्याच वर्षी त्याने सोसायटीचे मासिक सुरू केले आणि स्वतःच त्याचे संपादन केले. दिवसा टांकसाळ, रात्री मासिक, असा त्याचा क्रम झाला.

आता रुपयाकडे वळू. त्या काळी देशात एक रुपया नव्हता, शेकडो रुपये होते. आपल्याकडेच पाहा: अंकुशी रुपया, आमच्या जिल्ह्यातल्या चांदवडचा चांदवडी रुपया, हाली सिक्का. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा. बंगालचा सिक्का रुपया सुमारे १९२ ग्रेनांचा, तर मद्रासचा १८० ग्रेनांचा. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी चालवायचा तर सराफ त्यातून काही कापून घेई. त्या कापलेल्या पैशाला बट्टा म्हणत. आपण आजही नावाला बट्टा लागला म्हणतो तो हाच शब्द. सारा शेतकऱ्याने एका रुपयात द्यावा, व्यापाऱ्याने दुसऱ्यात मागावा, आणि मधल्या मध्ये सराफाने खावे, असा कारभार होता. माझे वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत रोजाने जातात. बट्ट्याचा फटका कोणाला बसत असेल ते मला पुस्तकाने सांगावे लागले नाही.

साऱ्या मुलखात एकच वजन आणि एकच रुपया असावा, असा आग्रह प्रिन्सेपने १८३३ मध्ये धरला. त्या वर्षी १८० ग्रेन वजनाचा रुपया हे वजनाचे मूळ माप ठरले आणि तेवढाच तोळा झाला. असे ८० तोळे म्हणजे शेर, ४० शेर म्हणजे मण. आपल्या आज्या ज्या तोळ्याने दागिन्यांची भाषा बोलतात तो हाच, ११ ग्रॅम ६६ सेंटिग्रॅमच्या आसपासचा. आता सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात ही गोष्ट वेगळी. मग १८३५ चा कायदा झाला आणि १ सप्टेंबरपासून कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया आला: वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी आणि १५ ग्रेन हीण. आतापर्यंत कंपनीच्या रुपयांवर दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे नाव असे. ते जाऊन इंग्लंडच्या राजाचे तोंड आले. कायदा करणारे अर्थात वरचे सरकार होते, आणि व्यापार नि सारावसुली सुलभ व्हावी हा त्यांचा हेतू होता. आपल्या रयतेचा कळवळा नव्हे. पण वजनाचा आणि कसाचा पाया घालण्यात या पारख्याचा मोठा वाटा होता. चांदीचा तो कस १९४० साली निम्म्यावर आणला जाईपर्यंत, म्हणजे एका शतकाहून अधिक काळ, टिकला. आजीच्या पेटीतले दोन्ही रुपये याच मापाचे. त्यांवर १८४० असले तरी ते त्याच वर्षी पाडले असतील असे नाही. कंपनीने आणि नंतर सरकारने ते साल न बदलता १८६२ पर्यंत तसेच चालू ठेवले होते.

इथे एक गोष्ट मनात सलते. नवा रुपया करायला चांदी कुठून येणार? बरीचशी जुन्या नाण्यांतून. नाना टांकसाळींचे रुपये गोळा होऊन येत आणि मुशीत जात. ज्या भट्टीवर प्रिन्सेपचे डोळे खिळलेले असत, तिच्यात किती राजांची, किती गावांची नावे वितळली असतील! त्याच्या दृष्टीने दिवसा नाणे म्हणजे चांदी आणि हीण. आणि हाच माणूस रात्री दिव्याजवळ बसून जुने नाणे हातात घेई तेव्हा त्याला त्यातली चांदी दिसत नसे. वाचता न येणारी अक्षरे तेवढी दिसत. मी माझ्या एका रुपयावर चिंच चोळली याचे मला एवढे वाईट वाटते. त्याला काय वाटत असेल? याविषयी तो कुठे बोलल्याचे माझ्या वाचनात नाही. परंतु त्याच वर्षांत त्याने नाण्यांच्या मागे ज्या झपाट्याने जीव टाकला, त्यात मला थोडेसे उत्तर दिसते.

नाणी त्याच्याकडे चहूकडून येत. पंजाबात रणजितसिंहाच्या चाकरीत असलेल्या व्हेंतुरा नावाच्या सेनानीने माणिक्याल येथील स्तूप १८३० मध्ये खणला होता. तिथली नाणी आली. काबूलहून चार्ल्स मॅसन नावाचा गृहस्थ हजारोंनी नाणी जमवीत होता. हा मॅसन म्हणजे कंपनीच्या फौजेतून पळालेला शिपाई, नाव बदलून राहिलेला. पण त्याच्या हातून इतिहासाचे जे काम झाले ते भल्याभल्यांच्या हातून झाले नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम हा तरुण इंजिनिअर अधिकारी प्रिन्सेपचा चेलाच बनला. आलेले प्रत्येक नाणे प्रिन्सेप तपासी, त्याचे चित्र स्वतः काढी, चित्रांचे ठसेही बहुतेक स्वतः कोरी आणि मासिकात छापून टाकी. आपला तर्क चुकला असेल तर पुढच्या अंकात तसे स्पष्ट सांगून मोकळा होई. चूक कबूल करण्यातला हा मोकळेपणा मला त्याच्या विद्वत्तेपेक्षा मोठा वाटला.

वायव्येकडील ग्रीक राजांच्या चांदीच्या नाण्यांची एक सोय होती. त्यांच्या एका बाजूला ग्रीक अक्षरे, ती वाचता येत. दुसऱ्या बाजूला अनोळखी अक्षरे, ती उजवीकडून डावीकडे लिहिलेली. या लिपीला आपण आज खरोष्ठी म्हणतो. मॅसनच्या ध्यानात आले, की ग्रीक बाजूला जे नाव असते त्याच नावासाठी दुसऱ्या बाजूला ठरावीक अक्षरे येतात. हा धागा धरून प्रिन्सेपने एकेक अक्षर सोडवत नेले. ग्रीक भाषेत राजा असे लिहिले असेल तिथे पलीकडे महाराजस हा प्राकृत शब्द निघाला. मिनँडर राजाची नाणीही यांत होती. हाच पाली ग्रंथांतला मिलिंद. आमच्या वर्गात मिलिंद नावाचे दोघे आहेत. आपल्या नावाच्या राजाची चांदीची नाणी सापडतात हे ऐकून दोघेही चकित झाले.

परंतु खरे कोडे दुसरेच होते. दिल्लीच्या, अलाहाबादच्या आणि बिहारातल्या दगडी स्तंभांवर एक जुनी लिपी कोरलेली होती आणि ती वाचणारा पृथ्वीवर कोणी उरला नव्हता. तिन्हीकडचा मजकूर मूळ एकच आहे हे प्रिन्सेपने १८३४ मध्ये ताडून पाहिले. कोणते अक्षर किती वेळा येते, त्याला काने-मात्रा कशा लागतात, याचे त्याने तक्ते केले. तरी कुलूप उघडेना.

ते १८३७ मध्ये उघडले, आणि त्यात चांदीच्या लहानशा नाण्यांचा हात होता. ही नाणी सौराष्ट्राची, पश्चिमेकडील क्षत्रप राजांची. जेमतेम दोन ग्रॅम वजनाची, आपल्या करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी. एका बाजूला मिशीवाल्या राजाचे तोंड, दुसऱ्या बाजूला तीन कमानींची टेकडी, चंद्र, सूर्य आणि भोवती गोलाकार अक्षरे. या राजांची एक चांगली खोड होती: नाण्यावर ते बापाचेही नाव घालत. अमक्या राजाच्या मुलाचे, तमक्या राजाचे, असा तो मजकूर. त्यामुळे षष्ठी विभक्तीचा प्रत्यय पुनःपुन्हा येई. प्रिन्सेपने ही नाणी वाचली आणि तो प्रत्यय दाखवणारे स हे अक्षर त्याच्या डोळ्यांत भरले.

त्याच सुमारास सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील बारक्या बारक्या लेखांचे ठसे त्याच्यापुढे आले होते. ते छापण्यासाठी मांडून ठेवताना त्याला दिसले, की जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतो. तो विचार करू लागला. राजाची आज्ञा एवढी तोकडी नसते. देवस्थानात असे तुटक लेख कशाचे असतात? देणगीचे! आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, पंख्यावर, घड्याळावर देणगीदाराचे नाव असते तसेच हे. मग शेवटचा शब्द दानं असला पाहिजे. त्याआधीचे अक्षर म्हणजे नाण्यांवर भेटलेला तोच षष्ठीचा स. अमक्याचे दान. दानं शब्दातून द आणि न मिळाले, अनुस्वार मिळाला. स मिळालाच होता. थोड्याच वेळात जवळजवळ सारी वर्णमाला त्याच्या हाती आली. कमलाकांत विद्यालंकार या पंडितांचे आणि सिंहलचा रहिवासी रत्नपाल याचे साहाय्य त्याला अर्थ लावताना झाले. आपल्या पुस्तकांत ही दोन नावे असायला हवी होती असे मला वाटते.

दिल्लीच्या स्तंभावर बोलणारा राजा स्वतःला देवांचा लाडका पियदसी म्हणत होता. हा कोण? प्रिन्सेपला आधी तो सिंहलचा राजा वाटला. सिंहलमध्ये असलेल्या जॉर्ज टर्नर या अभ्यासकाने तिथल्या पाली ग्रंथांवरून दाखवून दिले, की पियदसी म्हणजे चंद्रगुप्ताचा नातू अशोक. प्रिन्सेपने आपली चूक लगेच सुधारली. पुढच्या वर्षी गिरनारचा लेख वाचताना त्यात ग्रीक राजांची नावे निघाली आणि अशोकाचा काळ पक्का झाला. प्रत्यक्ष अशोक या नावाचा लेख मस्की येथे सापडला तो १९१५ साली. पण त्याच्या पाऊणशे वर्षे आधी नाव ठरून गेले होते.

माझे गाव निफाड तालुक्यातले. तिथून सिन्नर तालुक्यातले जोगलटेंभी काही फार दूर नाही. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी. सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. परंतु त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला. शत्रूला जिंकल्यावर सातवाहन राजाने त्याची नाणी वितळवली नाहीत, त्यांच्याच अंगावर स्वतःचे नाव उठवले. काही नाण्यांवर खालचा नहपान अजून डोकावतो. कंपनीच्या टांकसाळीला ही रीत सुचली असती तर किती बरे झाले असते, असे मला उगीचच वाटून गेले. नाशिकच्या पांडवलेण्यांतही याच नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले, २,००० एकीकडे आणि १,००० दुसरीकडे, आणि त्यांचे व्याज किती ते दगडावर कोरून ठेवले. दुसऱ्या एका दानात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, असा दर सांगितला आहे. म्हणजे एका सोन्याच्या नाण्याला चांदीची ३५. शाळेच्या सहलीत मी त्या भिंतीपुढे उभी राहून डबा खाल्ला होता. तो लेख आज वाचता येतो याचे मूळ कलकत्त्याच्या त्या रात्रींत आहे.

त्या रात्रींची किंमत मात्र प्रिन्सेपने फार जबर दिली. १८३५ मध्ये त्याचे लग्न हॅरिएट ऑबर्ट हिच्याशी झाले होते, १८३७ मध्ये मुलगी झाली. संसाराचे हे पहिले दिवस, आणि हेच लिपीचे दिवस. टांकसाळीचे काम कमी झाले नव्हते, मासिक दरमहा निघत होते, चहूकडून ठसे आणि नाणी येत होती. १८३८ मध्ये त्याचे डोके भयंकर दुखू लागले. आधी पित्ताचा विकार समजून उपचार झाले. मग बोलण्यात, आठवणीत गोंधळ होऊ लागला. वर्षअखेरीस त्याला गलबतावर घालून इंग्लंडला नेले, परंतु मेंदूचा तो आजार हटला नाही. ज्याने हरवलेली अक्षरे दोन लिपींत परत मिळवली त्याचे स्वतःचे भान हरवले, आणि त्याच अवस्थेत २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये तो वारला. वय चाळीस.

कलकत्त्याच्या लोकांनी त्याच्या स्मरणार्थ हुगळीच्या काठी १८४३ मध्ये खांबांचा एक सुंदर घाट उभारला. तो प्रिन्सेप घाट अजून आहे. हिमालयातल्या एका काटेरी झुडपालाही एका वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे नाव दिले होते. त्याची नाणी १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली. ती आपल्या देशातून गेली याचा मला राग येतो, आणि मुशीत गेली नाहीत याचे समाधानही वाटते. हे दोन्ही एकाच वेळी कसे वाटू शकते, ते मला सांगता येणार नाही. मासिकांत विखुरलेले त्याचे लेख एडवर्ड टॉमस याने गोळा करून १८५८ मध्ये दोन खंडांत छापले.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी दोन्ही रुपये घेऊन आमच्या बाजारपेठेतल्या सराफाकडे गेले. विकायला नव्हे, तोलायला. काट्यावर आधी काळा रुपया ठेवला: ११ ग्रॅम ५२०. कितीतरी हातांतून झिजूनही प्रिन्सेपच्या तोळ्याहून फक्त गुंजभर कमी. लख्ख रुपया ११ ग्रॅम ४१० भरला. त्यातले माझ्या चिंचेने आणि पेस्टने किती नेले आणि आधीच किती गेले होते, ते काट्याला सांगता येत नव्हते. सराफाने काळ्या रुपयाला पॉलिश करून देऊ का, पैसे नकोत, म्हणून विचारले. मी नको म्हटले. घरी आल्यावर आजीने दोन्ही रुपये मोजून घेतले आणि खणाच्या तुकड्याला पुन्हा गाठ मारली.